खाकी कव्हर

इंग्रज माणूस ट्रेनमध्ये बोलत नाही म्हणता, पण माझ्याशी एक जण बोलला होता. दोन हजार पाचची गोष्ट. रीडिंग नावाच्या गावाहून लंडनच्या ऑफिसला जाताना मी एक जाडजूड जर्मन कादंबरी इंग्रजीतून वाचायचो. संगीतासाठी प्रेम सोडणाऱ्या पियानोवादकाची, आणि मधे पानंच्या पानं तत्त्वज्ञान. याबद्दल कोणाशी तरी बोलावं असं फार वाटायचं. घरी विषय काढला की बायको म्हणायची, "अहो, त्याला सोडू दे प्रेम, तुम्ही आधी जेवून घ्या."

समोर रोज एक म्हातारे गृहस्थ बसायचे. कित्येक महिने आम्ही नुसती मान हलवत होतो.

मग प्रोजेक्ट संपला, पुण्याला परतायचं ठरलं. शेवटच्या दिवशी पुस्तक लायब्ररीत परत द्यायचं म्हणून मी ट्रेनमध्येच त्याचं खाकी कव्हर काढलं. पुस्तक दुसऱ्याचं म्हणून मीच घातलेलं, शाळेपासूनची सवय.

म्हातारे पुढे वाकले. "तुम्ही हे वाचत होतात? मी आयुष्यभर पियानो शिकवला. बायको गेल्यापासून या पुस्तकाबद्दल बोलायला माणूस शोधतोय."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुम्ही ते झाकून ठेवलं होतं. मला वाटलं, खासगी असेल."

तेवढ्यात आमचं शेवटचं स्टेशन, पॅडिंग्टन आलं.