दोघींच्या दोन चिठ्ठ्या

राजघाटाजवळच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन अनोळखी जावांपैकी धाकटी बसली होती. मोठी तपासणीचे कागद घेऊन आतून आली.

"ताई, किडनीपर्यंत तर नाही ना गेलं?"

"नाही गं निशा. दोघींचं लघवीचंच इन्फेक्शन आहे. नव्या गोळ्यांनी जाईल."

"मग मागच्या गोळ्यांनी का नाही गेलं?"

"मी खरं सांगून दिलं. माझ्या पाच दिवसांच्या गोळ्या आपण दोघींनी अर्ध्या अर्ध्या खाल्ल्या म्हणून."

"डॉक्टरीणबाई रागावल्या?"

"आधी हसल्या. म्हणे, लाडू होते का ते?"

"घरात सगळंच तर वाटून खातो आपण."

"ही घे तुझी वेगळी चिठ्ठी. पूर्ण पाच दिवस, अन् यातली एकही गोळी कोणाला द्यायची नाही. मलासुद्धा."

"लग्नाला बारा वर्षं झाली, पण एखादी गोष्ट फक्त माझी आहे असं पहिल्यांदाच सांगितलं कोणी. परत एकदा म्हणा ना, ताई."