तेवढ्याच मोठ्या अक्षरांत

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या ‘वेल्टन लेजर’चे संपादक श्री. कोलार, व्यासपीठावरचे फादर नोवाचेक, आज जिच्या निरोपासाठी नेब्रास्काच्या या थंडीतही सभागृह भरलं आहे ती वर्ना होल्मक्विस्ट, आणि माझ्या गावकरी मंडळींनो,

वर्नाच्या चाळीस वर्षांच्या पत्रकारितेवर आणि तिच्या पुस्तकावर आधीचे वक्ते फार सुंदर बोलले. मी रोझली सेडलाचेक. मला त्यातलं काय कळणार? पण तिची पहिली मोठी बातमी ज्या घरावर कोसळली, ते घर माझं. म्हणून उभी राहिले आहे.

जुन्या लोकांना आठवत असेल, एकोणऐंशी सालच्या मार्चमध्ये रुळांपलीकडच्या धान्यकोठारात स्फोट झाला. तीन माणसं गेली. त्यांत माझा नवरा, एमिल. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा : ‘कामगाराच्या सिगारेटमुळे कोठार उडाले’. खाली एमिलचं नाव. लिहिणारी सव्वीस वर्षांची वर्ना. कोठाराच्या व्यवस्थापकानं फोनवर सांगितलं, हिनं लिहून घेतलं. आणि एमिल? चर्चमध्ये धूप पेटवला तरी ज्याला खोकल्याची उबळ यायची, तो कसली सिगारेट ओढतोय!

पण छापलेलं कोण खोडणार? गेलेल्यांपैकी एकाची बायको हेझल, माझी शाळेपासूनची मैत्रीण. दुकानात मला पाहिलं, तशी सामानाची टोपली तिथंच ठेवून निघून गेली. चर्चच्या बाकावर मी आणि माझी चिमुरडी लिडिया, दोघीच.

दीड महिन्यानं वर्ना दारात आली. मी दार लावलं. पुन्हा आली, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा पायरीवरूनच म्हणाली, “बाई, एकच विचारते. एमिल सिगारेट ओढायचे का?”

“आत्ता विचारतेस होय गं? छापून झाल्यावर?”

“आधीच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. म्हणून आता विचारतेय.”

मी तिला आत घेतलं. कॉफी मात्र विचारली नाही. खोटं कशाला बोलू?

मग पाच वर्षं ही बाई त्या गोष्टीच्या हात धुऊन मागे लागली. आठवडाभर लग्नाबारशाच्या बातम्या लिहायची आणि सुट्टीच्या दिवशी कोठारातले जुने कामगार शोधत फिरायची. अखेर आयोवात एक म्हातारा मिस्त्री सापडला. दुरुस्तीची वही त्यानं जपून ठेवली होती. तीत एमिलच्या अक्षरात तीच तक्रार चार वेळा : पट्ट्याचं बेअरिंग तापतंय, धान्याची धूळ पेट घेईल, बदला. कुणी बदललं नव्हतं.

तेव्हाचे संपादक म्हणाले, “आतल्या पानावर दोन ओळी टाकू. जुनी मढी उकरून काय मिळणार?”

वर्ना म्हणाली, “खोटं पहिल्या पानावर छापलं. खरं त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. खाली माझं नाव घाला.”

ते नाही म्हणाले. तिनं राजीनामा दिला आणि बहिणीकडे राहून पुस्तक लिहिलं. पहिलं प्रकरण कुठलं ठाऊक आहे? तिचीच ती खोटी बातमी, एक शब्द न बदलता.

पुस्तक आलं. पुढे पेपरचे मालक बदलले, आणि कोलारसाहेबांनी, तेव्हा हे अगदी तरुण होते, तिला परत बोलावलं. तिची अट तीच. अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात पहिल्या पानावर छापून आलं : ‘ही बातमी मी लिहिली होती. ती खोटी होती. वर्ना होल्मक्विस्ट.’

त्या सकाळी हेझल माझ्या अंगणात उभी. हातात पेपर. मी म्हटलं, “ये गं आत, गारठशील.” नऊ वर्षांनी ती माझ्या स्वयंपाकघरात बसली.

गेल्या आठवड्यात वर्नानं विचारलं, “रोझली, माझ्या निरोपाला बोलशील?”

“काय बोलू?”

“सगळं. पहिल्या बातमीसकट. नाहीतर नव्या पोरांना वाटेल, ही बाई जन्मतःच शहाणी होती.”

लोक विचारतात, तिला माफ केलंस का? खरं सांगू? त्या शब्दाशी माझं अजून जमलेलं नाही. पण लिडियाचं लग्न लागलं, तेव्हा पहिल्या बाकावर, तिच्या बापाच्या जागी, मी वर्नाला बसवलं.

मला बोलू दिलंत, आणि सकाळपासून खाली आपले फळं भरलेले गोड पाव, कोलाचे, भाजणाऱ्या बायकांनी एवढा वेळ धीर धरला, सगळ्यांचे आभार. जुन्या जखमेला कुठं धक्का लागला असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. बसते मी.