दोनशे तेवीस मीटर

(मदन महल वस्ती. विज्ञानाचे निवृत्त मास्तर तुळशीराम यांचं घर, दुपार. बायको इंदू मेथी निवडतेय. समोर सरांचा जुना विद्यार्थी गुणवंत, मांडीवर फाइल.)

तुळशीराम : आपल्या अंतरिक्षाच्या ग्रुपवर कोणी बोलत नाही, ते नेटवर्क नाही म्हणून म्हणतोस? मग इंदूच्या भजनाच्या ग्रुपवर सकाळपासून चाळीस फोटो कसे आले?

गुणवंत : लोक बिझी असतात, सर.

तुळशीराम : ग्रुपातले एकशे बाराच्या एकशे बारा? अकरा दिवस? मी रोज प्रश्न टाकून राहिलो. चंद्रावरच्या मातीची वीट भाजायला किती आरसे लागतील, विचारलं. एकानं अंगठासुद्धा नाही दाखवला.

इंदू : सांग ना रे त्यांना. तुझी बायको काल बड्या फुहाऱ्याच्या बाजारात भेटली होती मला.

गुणवंत : काकू, राहू द्या ना...

इंदू : काहून राहू देऊ? अहो, सगळ्यांनी दुसरा ग्रुप काढला. तुम्हाला सोडून.

तुळशीराम : कोणी काढला?

गुणवंत : मी, सर.

तुळशीराम : तू? अंतरिक्षावर बोलायचं तर गणित मांडूनच बोलायचं, गुड मॉर्निंग टाकायचं नाही, हे आपण दोघांनी याच खाटेवर बसून ठरवलं. बटणं तू दाबलीस, मला येत नव्हती म्हणून.

गुणवंत : पण सर, तुम्ही लोकांची उत्तरं वहीत उतरवून, लाल पेनानं तपासून फोटो टाकायचे. दहापैकी चार, दहापैकी तीन. दुबेजींना तर दोन! सबके सामने! साहेब आहेत ते माझे.

तुळशीराम : ते दोन रीतीचे दिले. उत्तराला काहीच नव्हतं. अंतरिक्षातलं घर मिनिटाला दोनदा फिरलं, तर आतल्या माणसाला इथल्याएवढं वजन वाटायला मध्यापासून भिंत दोनशे तेवीस मीटर पाहिजे. त्यांनी बावीस लिहिलं. दहावा हिस्सा!

गुणवंत : ते म्हणाले, मास्टरजी को क्लास चाहिए, ग्रुप नहीं.

इंदू : आणि तू हसलास?

गुणवंत : सगळेच हसले, काकू.

तुळशीराम : बरं. आता त्या नव्या ग्रुपवर आकडा किती आहे?

गुणवंत : बावीसच. भोपाळच्या प्रदर्शनात त्या घराचं मॉडेल जाऊन राहिलं, त्याच मापानं.

तुळशीराम : तुला चूक दिसली नाही?

गुणवंत : दिसली. पहिल्याच दिवशी.

तुळशीराम : बोललास?

गुणवंत : माझ्या प्रमोशनचा कागद त्यांच्या टेबलावर आहे, सर.

इंदू : मग आज काय घेऊन आलास?

गुणवंत : हे... मॉडेलच्या हिशेबाची नऊ पानं आहेत. साहेबांनाही आता शंका येऊन राहिली. म्हणाले, कुठून तरी चेक करून आण, चुपचाप. पण सर, तुमचं नाव नाही टाकता येणार.

इंदू : ऊठ. चपला घाल आधी.

तुळशीराम : थांब इंदू. प्रदर्शन पाहायला शाळेची पोरं येतील. वहीत बावीस लिहून घरी जातील.

इंदू : जाऊ द्या ना! तुमची कोण लागतात ती?

तुळशीराम : दे रे इकडे. आणि स्टूल जवळ ओढ. भागाकार तूच करायचा, मी नुसत्या खुणा करीन.

गुणवंत : सर, मी खरंच...

तुळशीराम : पाठ सरळ ठेव. इंदू, पेन्सिल दे.

इंदू : लाल पेन आहे की तुमच्या खिशात.

तुळशीराम : पेन्सिलच दे. माझ्या खुणा त्याला घरी जाऊन खोडता आल्या पाहिजेत.