मँडोलिन, हवं होतं म्हणून

…आणि वर पुन्हा मलाच विचारतात, का? अहो, का म्हणजे काय? मी नवे पडदे आणले तेव्हा कोणी विचारलं नाही. मिक्सर आणला तेव्हा तर शेजारीण मुद्दाम बघायला आली, झाकण उघडून आत डोकावून गेली, तिनंही विचारलं नाही. पण मँडोलिन घ्यायचंय म्हटलं आणि तुम्हाला सांगते, जो तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी घोडा घ्यायला निघालेय! पन्नाशी उलटलेली बाई, नोकरी करते, घर बघते, गळ्यात सूर नाही, सात पिढ्यांत कोणी धड शिट्टी वाजवलेली नाही, आणि हिला मँडोलिन कशाला? हवं होतं म्हणून. झालं समाधान?

नाही, तुम्ही म्हणाल, असं बसल्या बसल्या मँडोलिन कोणाला हवंसं वाटतं? तर मला वाटलं, आणि बसल्या बसल्याच वाटलं. माझी नोकरीच बसून ऐकण्याची. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार विभागात असते मी. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, आणि सकाळी खुर्चीत टेकले की लोक माझ्या कानात आपापलं धुणं आपटायला सुरुवात करतात. परवा एक गृहस्थ म्हणाले, बाई, तुमचं मशीन चालतंय. म्हटलं, चालतंय तर मग तक्रार काय? तर म्हणे, चालतंय म्हणजे चालत जातंय हो, बाथरूममधून निघालं ते आता दिवाणाला येऊन टेकलंय. एक बाई आहेत, त्या दर आठवड्याला फोन करतात, जावेबद्दल बोलतात, मन भरून बोलतात, आणि शेवटी म्हणतात, मशीन छान आहे हो, बरं वाटलं. मी त्यांना काय म्हणणार? आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दुसरं काही म्हणायची आम्हाला परवानगीच नाही.

बरं, दिवसभर जगाचं ऐकून घरी यावं, तर घरी आपलं ऐकायला कोण? आमच्या ह्यांना काही सांगायला गेलं की ते 'हं' म्हणतात. ह्यांचे 'हं' तीन प्रकारचे. एक 'हं' म्हणजे ऐकलं नाही, दुसरा 'हं' म्हणजे ऐकलं पण कळलं नाही, आणि तिसरा, लांबलचक, त्याचा अर्थ जेवायला काय आहे. लग्न झाल्यापासून चौथा 'हं' काही मी ऐकला नाही.

तर अशात एकदा दुपारी एका वयस्क गृहस्थांचा फोन आला. मशीन बंद पडलंय म्हणाले. मी मॉडेल नंबर विचारला, ते म्हणाले, थांबा, चष्मा शोधून बघून येतो, आणि रिसीव्हर तसाच ठेवून गेले. आणि मागे काहीतरी वाजत होतं… म्हणजे कसं सांगू, पत्र्यावर कोणी साखरेचे दाणे टाकावेत ना, तसं. बारीक, लखलखीत, एकामागून एक. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसले. शेजारच्या खुर्चीवरची म्हणाली, काय गं, कोणी शिव्या देतंय का? मी नुसती मान हलवली. त्यांना चष्मा सापडूच नये असं वाटत होतं मला, पण सापडला मेला. मी मॉडेल नंबर राहू दिला बाजूला आणि विचारलं, ते मागे काय वाजतंय? ते म्हणाले, ती आमची मंडळी, मँडोलिन वाजवतेय. पूर्वी वाजवायची, मधे सुटलं होतं. मशीन बंद पडलं, घरात जरा शांतता झाली, तशी परत बसली.

मी म्हटलं, मेकॅनिक उद्याच पाठवते.

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "एवढी काही घाई नाही हो."

झालं. त्या दिवशी मी घरी आले ते मँडोलिन डोक्यात घेऊनच. घरी सांगितलं. हे म्हणाले, "ठेवायचं कुठे?" आता हे नोकरीला गोदामात, तिथे प्रत्येक वस्तूला फळी आणि फळीला नंबर, त्यामुळे ह्यांना आयुष्यात पडलेला एकमेव प्रश्न म्हणजे ठेवायचं कुठे. उद्या देव प्रसन्न झाला आणि म्हणाला, वत्सा, अमृत घे, तर हे हातात टेप घेऊन त्या कलशाची उंची मोजतील. आणि मग ओघानं दुसरा प्रश्न, पण का? हवं होतं म्हणून. ह्यावर पहिल्या प्रकारचा 'हं'.

मग मी गेले दुकानात. मोठं, काचेचं, आत शिरल्यावर आपल्या चपलांची लाज वाटावी असं. तिथला विक्रेता म्हणाला, मॅडम, मँडोलिन आता कोण घेतं, गिटार घ्या. म्हटलं, मला मँडोलिन हवंय. मग म्हणाला, की-बोर्ड घ्या, ह्यात मँडोलिनचा आवाज आहे, हे बटण दाबा. दाबलं. मग म्हणतो, आणि हे दुसरं दाबलंत की पावसाचा आवाज. हे तिसरं, टाळ्या. स्वतःच वाजवायचं आणि स्वतःच टाळ्या, म्हणजे माणसांचा त्रासच नको! मी उठले. जाताना त्याला माझी दया आली असावी. म्हणाला, तसलं हवं असेल तर सायकलच्या दुकानामागे एक काका हातानं बनवतात, पण ते बोलत नाहीत.

ते खरंच बोलत नाहीत. मी त्यांचं नावच अबोल काका ठेवलं. लहानशी खोली, छताला अर्धवट झालेली वाद्यं उलटी टांगलेली, वटवाघळांसारखी, आणि सगळीकडे लाकडाचा भुसा. मी माझी सगळी कहाणी सांगितली, तो फोन, ती मंडळी, तो चष्मा. त्यांनी ऐकलं. म्हणजे खरोखर ऐकलं हो, हातातला रंधा खाली ठेवून. सगळं सांगून झाल्यावर माझा डावा हात पुढे घेतला, बोटं ताणून बघितली आणि म्हणाले, नवीनच करू. गळा जरा बारीक ठेवू. मला वाटलं, माझा गळा की काय! मँडोलिनचा हो. जिथे बोटं दाबायची तो भाग. आणि तुम्हाला सांगते, ह्या एकाच माणसानं मला का म्हणून विचारलं नाही.

पण कधी होणार ते काही सांगेनात. मी फोन केला तर म्हणाले, चाललंय. पुन्हा केला, तर पॉलिश वाळतंय. मग रोजच करायला लागले. मी! जी आयुष्यभर अशा लोकांना फोनवर तोंड देत आली, ती! शेवटी शेवटी तर काका फोन उचलायचे आणि नुसताच टेबलावर ठेवून द्यायचे. मला इकडे पॉलिश पेपरचा आवाज यायचा, खसर्र खसर्र, आणि मी दहा-दहा मिनिटं तोच ऐकत बसायचे. नातेवाईक रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये बसतात ना, तशी.

आणि एक दिवस काकांचाच फोन. उद्या आणतो. बस्स.

मी सुट्टी मागायला गेले. साहेब म्हणाले, का? आता त्यांना काय 'हवं होतं म्हणून' असं सांगणार? म्हटलं, घरी मँडोलिन येणार आहे. साहेबांचं लक्ष स्क्रीनकडे. म्हणाले, बरं बरं, परदेशातली पाहुणी दिसतेय, किती दिवस राहणार? मी म्हटलं, कायमची. तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, अवघड आहे, घ्या सुट्टी.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत. हेही रजा काढून घरी, कुठे ठेवायचं हे ठरलं नव्हतं ना! सकाळपासून टेप घेऊन घरभर फिरत होते. कपाटावर उंची पुरत होती तर खोली पुरत नव्हती, पलंगाखाली खोली पुरत होती तर सुटकेस सरकत नव्हती. तेवढ्यात काका आले. जिना चढून, पेटी छातीशी धरून, झोपलेलं मूल आणावं तशी. टेबलावर ठेवली, मला म्हणाले, उघडा.

उघडली. आणि… काय सांगू तुम्हाला! गोल गरगरीत पाठ, पट्टेदार, एक पट्टी फिकी, एक गडद. पोटावर मधासारखी झाक. आत वाकून वास घेतला तर नव्या लाकडाचा, जरासा गोडसर. आठ तारा, पण दोन-दोनच्या जोड्या. काका म्हणाले, जोडीतल्या दोघींनी एकच सूर धरायचा. एक जरी उतरली तरी कर्कश लागतं. म्हटलं, म्हणजे संसारच की. हे टेप गुंडाळत म्हणाले, हं. दुसऱ्या प्रकारचा.

मग ह्यांनी काकांना विचारलंच, ठेवायचं कुठे? काका म्हणाले, "हात पोचेल तिथं. कपाटात गेलं की मेलं." हे उठले आणि हातोडी घेऊन आले. आमच्या बैठकीत भक्कम असा खिळा एकच, त्यावर आमच्या लग्नाचा फोटो. ह्यांनी हूं की चूं न करता फोटो काढला, कपाटात ठेवला, आणि मँडोलिन टांगून बघितलं. चार पावलं मागे जाऊन म्हणाले, आता भिंत बरी दिसते. मीही चार पावलं मागे गेले. भिंत खरंच बरी दिसत होती.

काकांनी मला एका धुनेची पहिली ओळ शिकवली. नुसती पहिली. ती बसली की या, म्हणाले, आणि गेले. आणि मी वाजवायला बसले. अहो, कसले साखरेचे दाणे न् कसलं काय! स्टीलचा डबा जिन्यावरून घरंगळत जावा तसा आवाज. बोटांच्या टोकांना तारांचे वळ उठले. हे पेपर आडवा धरून बसले होते, पण पेपर थरथरत होता. हसत होते. माझे डोळे भरून यायला लागले, खरंच सांगते. इतके दिवस सगळ्यांना ताठ मानेनं हवं होतं म्हणून, हवं होतं म्हणून सांगितलं, आणि आता मलाच वाटायला लागलं, का गं बाई, का?

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्याबद्दल सांगायचं राहिलंच, कारण त्या नेहमी आपल्या खोलीत असतात. ऐकू येत नाही त्यांना. कानाचं यंत्र आहे, चांगल्यापैकी आहे, पण डबीत असतं. कानात किरकिर होते म्हणतात. मुलगा बोलायला आला की घालतात, मी गेले की काढतात. वर्षानुवर्षं आमचं संभाषण म्हणजे मी हातवारे करायचे आणि त्यांनी मान हलवून स्वतःला हवं तेच करायचं.

त्या येऊन माझ्यासमोर बसल्या. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत राहिल्या. मग काय वाटलं कोण जाणे, पुढे वाकून त्यांनी मँडोलिनच्या लाकडावर तळहात ठेवला. मला खूण केली, वाजव. मी तार छेडली. त्या म्हणाल्या, "थरथरतंय गं." पुन्हा छेडली. त्या उठल्या, खोलीत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा कानात यंत्र होतं. हे पेपर खाली ठेवून बघायला लागले. सासूबाई नीट मांडी ठोकून बसल्या आणि म्हणाल्या, आता वाजव.

मी वाजवली ती एक ओळ. अडखळत, चुकत, जीभ दाताखाली धरून.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या.

"एवढंच येतं, आई."

"मग परत तेवढंच वाजव."

आणि मी वाजवलं. परत, आणि परत. वळ उठलेली बोटं आता दुखतही नव्हती. ह्यांनी विचारलं, आई, आवडलं का? तर म्हणाल्या, आवडायला अजून येतंय कुठे हिला, पण ऐकतेय. तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत मला कोणी 'ऐकतेय' असं म्हटलं नव्हतं. तेव्हा हे म्हणाले, हं. हा चौथा होता. हा मी कधी ऐकलाच नव्हता.

आता रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की सासूबाई यंत्र लावून तयार. धुनेच्या तीन ओळी झाल्यात. चुकलं की सांगतात, तेही मोठ्यानं. जोडीतली तार उतरली की माझ्या आधी त्यांना कळते.

पण झालंय काय, की आता त्या यंत्र काढतच नाहीत. सकाळी डोळे उघडले की कानात. पूर्वी मी स्वयंपाकघरात फोन खांद्याला लावून बहिणीशी सासूबाईंबद्दल मनसोक्त बोलायचे, त्या दोन हातांवर बसलेल्या असायच्या आणि मी खुशाल बोलायचे. ते सगळं बंद! आता मी जेवण झालं की कचरा टाकायचं निमित्त काढून जिन्यात जाते, कठड्याला टेकते आणि तिथून बहिणीला फोन करते. कुजबुजत. माझ्या पगारानं चालणाऱ्या माझ्याच घराच्या बाहेर!

काल तशीच बोलून वर आले. रिकामी बादली ठेवली. सासूबाई मँडोलिनवरची धूळ पुसत होत्या. वर न बघताच म्हणाल्या,

"जिन्यात फार घुमतं गं. अर्धं कळतच नाही. घरात बसून बोलत जा."

आता बोला.