ठरावाला वर केलेला हात

दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या शिंप्याच्या मागच्या बाकावर दोन नर्स येऊन टेकल्या. त्याने मान वळवली नाही, पण कान तिकडेच लागले.

“पदवी नसलेल्या नर्सला अतिदक्षता विभागात ठेवायचं नाही, या ठरावाला तूही हात वर केलास?”

“केला, वहिनी.”

“मी समोर बसलेली असताना?”

“हात जड झाला. पण केला.”

“सुई कशी धरायची ते तुला शिकवलं कुणी गं?”

“तुम्हीच. पण तिथली औषधं बदलली, यंत्रं बदलली. नुसत्या सरावावर किती दिवस भागणार?”

“माझ्या हातून कधी कुणाचं वाईट झालं?”

“नाही झालं. पण नियम काय तुमच्या एकटीसाठी असतो?”

“वा! घरी एका पंगतीला बसायचं आणि इथे भरल्या पानावरून उठवायचं!”

“उठवत नाहीये. नोकरी सांभाळून पदवी करता येते. प्रवेश अजून चालू आहेत. का घेत नाही तुम्ही?”

शिंप्याचा नंबर पुकारला गेला, तरी तो जागचा हलला नाही.

“आणि नापास झाले तर? ज्या पोरींना मी शिकवलं, त्यांच्यासमोर?”

“म्हणजे राग माझ्यावर नाही तर.”

“तुझ्यावर आहेच. तो काही इतक्यात जायचा नाही.”

“राहू दे. संध्याकाळचा स्वयंपाक मी करते, तुम्ही पुस्तक घेऊन बसा. अडेल ते मी सांगेन.”

“तू शिकवणार मला?”

“हो. चुकलात तर ओरडेनसुद्धा.”

“ओरड. पण आधी दार लावून घे. मुलांना ऐकू जायला नको.”