आधी पांढरा की काळा

सारजाबाई : म्हंजी येका दगडासाठी तू पोरीचं दूध तोडनार?

हर्षाली : तीन आठवड्यांसाठी जायचंय, आई. प्रांजल दहा महिन्यांची झाली, वरचं खाते आता. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार.

सारजाबाई : नवऱ्याला इचारलंस? काय म्हनला सोमनाथ?

हर्षाली : म्हणाले, आईला विचार.

सारजाबाई : लई हुशार! त्ये लोनी ढवळ, करपंल. आन् मला सांग, आपल्या पिंपळवंडीत काय दगड कमी पडले व्हय?

हर्षाली : इथला सगळा काळा. लाव्हा वर येऊन सांडला आणि लवकर निवला, म्हणून दाणा बारीक. समुद्रापारच्या सेशेल्सच्या त्या बेटावर गुलाबट पांढरा ग्रॅनाइट आहे. तो वर आलाच नाही. जमिनीच्या पोटात घुसला आणि तिथंच लाखो वर्षं सावकाश निवत राहिला. म्हणून दाणे जोंधळ्याएवढे.

सारजाबाई : मग उघडा कसा पडला?

हर्षाली : वरचं सगळं झिजून गेलं, पावसानं, वाऱ्यानं.

सारजाबाई : आन् तुझ्या पीयचडीच्या सरांशी तुझं भांडान कशापायी?

हर्षाली : भांडण नाही हो. सर म्हणतात, तो पंच्याहत्तर कोटी वर्षांचा. मला वाटतं साडेसहा कोटींचा, आपल्या शिवनेरीच्या खडकाच्या वयाचा. तेव्हा ती बेटं आपल्या पश्चिमेला चिकटलेली होती. एकाच आगीतलं असेल.

सारजाबाई : आग येकच, तर ह्यो काळा आन् त्यो पांढरा कसा?

हर्षाली : हे पातेल्यात बघा ना. बेरी खाली बसली, वर निवळ तूप. तसा आतला रस निवताना जड, काळे कण आधी तळाला बसतात. वर जे हलकं उरतं, त्याचा ग्रॅनाइट होऊ शकतो.

सारजाबाई : हां. मग त्यात बघायचं काय ऱ्हायलं?

हर्षाली : बेटाच्या टोकाला पांढरा आणि काळा एकमेकांना भिडलेत. पण तो खडक मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो. लग्नाआधी गेले होते, तेव्हा समुद्र तेवढा उतरलाच नाही. पांढऱ्यात काळ्याचे तुकडे अडकलेले दिसले, तर पांढरा नंतरचा, म्हणजे माझं खरं असू शकेल. काळ्यात पांढऱ्याचे दिसले, तर सरांचं.

सारजाबाई : आधी आसंल त्योच अडकनार. आन् सरांचं खरं निगालं तर?

हर्षाली : तर माझा अर्धा प्रबंध रद्द. परत लिहायचा.

सारजाबाई : सोमनाथ येवढाच व्हता, तवा आमी मेंढरं घिऊन कोकनात उतरायचो. त्याला घोड्यावर बांधून न्यायचे मी. तुला तसं जमायचं न्हाई.

हर्षाली : नाही.

सारजाबाई : मग आजपास्नं पोरगी माझ्यापाशी निजंल. रडली तरी तू उठायचं न्हाई. हुईल?

हर्षाली : करते प्रयत्न.

(मार्चअखेर, फोनवर. हर्षालीचा आवाज थांबून थांबून पोचतो.)

हर्षाली : आई, काल समुद्र उतरला. खडक दिसला.

सारजाबाई : मंग?

हर्षाली : काळ्यात पांढऱ्याचे तुकडे आहेत. लहानमोठे, सगळीकडे. पांढराच आधीचा.

सारजाबाई : म्हंजी सरांचं खरं.

हर्षाली : हो. मीच कळवलं त्यांना.

सारजाबाई : रडलीस व्हय?

हर्षाली : थोडी. मग पाणी चढेपर्यंत चित्रं काढत बसले. प्रांजल रडते का हो?

सारजाबाई : सुरवातीला लई. आता न्हाई. येक सांगू? तू आल्यावर सांगनार व्हते.

हर्षाली : काय झालं?

सारजाबाई : परवा चालली ती. धान्याच्या कनगीपास्नं उंबऱ्यापत्तर, कुनाला न धरता.

हर्षाली : एकटी?

सारजाबाई : येकटीच.

हर्षाली : पडली का?

सारजाबाई : पडली. उठली. परत चालली.