माय कोनाचं खाते

मी आरमोरीकडची. माय अन् मी धानाच्या रोवण्याले जाऊ, दिवसभर चिखलात उभं राहून कंबर मोडे. बाप लवकर गेला, भाऊ बायको घेऊन वेगळा झाला अन् मायले टाकून देलं. माहं लगन झालं होतं, पन घरवाल्यानं दुसरी आनली, मंग मी मायले घेतलं अन् इकडे कोळशाच्या खाणीच्या वस्तीत आली. काय सांगू तुम्हाले बाई, पह्यले भांडे घासले, मंग ढाब्यावर पोळ्या लाटल्या, अन् मंग या धंद्यात आली. कोनं ओढून नाई आनलं. उपाशी मानसाले ओढा लागत नाई, तो आपल्याच पायानं जाते.

मायले माहीत होतं. ती म्हने मी इचारत नाई, तू सांगू नोको. भात रांधे, मी आली का आंघोळीले पानी ठेवे. सात-आठ साल असे गेले, वाईट नाई म्हनत मी.

मंग भर दुपारी पोलिसाची धाड पडली. ज्याच्या खोल्यात आमी गिऱ्हाइक घेऊ तो सेठ मागच्या दारानं पळाला. साहेब म्हने तुमी बाया तं पीडित, तुम्हाले नाई धरत, तुमच्या कमाईवर जगते त्याले धरतो. मले वाटलं, चला, बरं हाय. मायलेबी घरून ठाण्यात आनलं, खुर्ची देली, पानी देलं, अन् इचारलं, आजी, तुमी कोनाचं खाता? माही माय सत्तरीची बाई, ताठ बसली अन् म्हने लेकीचं खातो साहेब, लेकानं टाकलं मले, हे पोट्टी पोसून राह्यली, हिच्याच कमाईवर जगतो. बिचारी तारीफ करून राह्यली होती माही! मी वरडली, माय, चूप राह्य, तं म्हने काऊन चूप राहू, खोटं हाय का? साहेबानं तेच लिहून घेतलं अन् खाली तिचा अंगठा लावला.

मले सोडलं, मायले जेलात नेलं. चोर सोडून संन्याशाले फाशी, दुसरं काय? जमानतीवर सुटली तं निरे हाडं राह्यले होते. वकील म्हने केस संपेपर्यंत तिले वेगळं ठेव, तुहं खाताना दिसली तं भारी पडन.

परवा वस्तीत आमा बायाच्या मिटिंगले दोन मॅडम आल्या होत्या. एक म्हने हा धंदा साफ बंद करा, दुसरी म्हने गिऱ्हाइकाले धरा, बाईले नोका धरू. मी म्हनलं काईबी करा, पन आदी सांगा, माही माय कोनाचं खाईल?

आता माय दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राह्यते. मी डबा नेतो. ती झाकन उघडत नाई, पह्यले इचारते हे कोनाचं हाय, तुह्या कमाईचं असन तं ने परत, मले पुन्हा तिथी नाई जाचं. मी म्हनतो राशनचा तांदूळ हाय माय, सरकारचा हाय, खा. मंग खाते. राशनकार्ड तं तिकडे भावाजवळ हाय, इथी एक दाना भेटत नाई आमाले.

जाऊ द्या. देव करो अन् तुमच्या मायले तुमच्या हातचं बिना भेवाचं खाता येवो, बाई.